पेढी नसलेल्यांची पेढी

भुसावळाहून नागपुराकडे जाणारी लोहवाट आणि तिच्या जोडीने धावणारा हमरस्ता ह्यांच्या काठी वरणगाव वसले आहे. उत्तरेस तापी, चहूकडे केळी व कपाशी, आणि गावाच्या अंगास लागून १९६४ साली सुरू झालेला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, अशी ह्या गावाची ठेवण. कारखान्याने ह्या मुलखाला पुष्कळ दिले. नियमित पगार दिला, मुलांना शाळा दिल्या, आणि 'फॅक्टरीत लागला' ह्या तीन अक्षरी-चार अक्षरी शब्दांत वधूपित्याचे सर्व प्रश्न मिटवण्याचे सामर्थ्य दिले. परंतु ह्याच कारखान्याने नकळत असाही एक समज रुजवला की, पोट भरण्याचा प्रतिष्ठित मार्ग एकच आणि तो फाटकातून आत जातो. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना खात्याचा राहिला नसून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ह्या सरकारी कंपनीचा झाला आहे. ते फाटक पूर्वीच्या पिढीला जितके सताड उघडे दिसले तितके पुढच्या पिढीला दिसेल, अशी आशा धरून बसणे शहाणपणाचे नाही, हे गावातील जाणती माणसे मनात ओळखून आहेत.

अशा गावच्या वाचनालयात एक फेरी मारावी. स्पर्धापरीक्षांच्या जाडजूड मार्गदर्शकांशेजारी अलीकडे दुसऱ्याच एका जातीची पुस्तके दाटीने उभी असलेली दिसतात. श्रीमंत कसे व्हावे, धंदा कसा वाढवावा, विचार बदलला की नशीब कसे बदलते, हे सांगणारी ही पुस्तके बहुधा इंग्रजीवरून मराठीत आलेली असतात, आणि त्यांची पाने परीक्षांच्या पुस्तकांहून अधिक मळलेली असतात. एक पक्ष म्हणतो की, तरुण हे वाचीत आहेत हे उत्तमच झाले, मराठी माणसाला एकदाची धंद्याची भूक लागली. दुसरा पक्ष म्हणतो की, पुस्तके वाचून कोणी व्यापारी झाल्याचे आम्ही पाहिले नाही. व्यापार रक्तात असावा लागतो. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात, आणि दुसरा अधिक चुकतो. त्याची चूक आधी पाहू.

व्यापार रक्तात असतो म्हणजे काय? व्यापाऱ्याच्या मुलाचे रक्त तपासले तर त्यात नफ्यातोट्याचा कोणताही कण सापडणार नाही. फरक रक्ताचा नसून जागेचा आहे. तो मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून दुकानाच्या गादीच्या कडेला बसतो. कोणत्या गिऱ्हाइकाला उधारी द्यावी, कोणाला हसून नाही म्हणावे, भाव पडू लागल्यावर माल किती दिवस धरावा आणि कोणत्या दिवशी डोळे मिटून विकून टाकावा, हे तो ऐकतो. रोजमेळ रात्री जुळल्यावाचून वडील जेवावयास उठत नाहीत, हे तो पाहतो. चुलत्याचे दुकान एका वर्षी बुडाले आणि भाऊबंदांनी मिळून ते पुन्हा कसे उभे केले, ही कथा त्याने दहा वेळा ऐकलेली असते. वयाच्या विसाव्या वर्षी त्याच्यापाशी पंधरा वर्षांचा अनुभव असतो. अंमळनेर येथे १९४५ साली वनस्पती तुपाची जी कंपनी निघाली, तिच्या संस्थापकाच्या पश्चात १९६६ साली अवघ्या २१ वर्षांचा मुलगा अमेरिकेतील शिक्षण अर्धे टाकून कारभार पाहू लागला. तीच कंपनी आज विप्रो म्हणून जगास ठाऊक आहे. अझीम प्रेमजी ह्यांच्या कर्तृत्वास उणेपणा न आणता इतके म्हणता येईल की, त्यांना बसावयास एक गादी तयार होती.

आता ज्याच्या घरी गादी नाही त्याचा विचार करा. बलुतेदाराचा मुलगा, शेतमजुराचा मुलगा, कारखान्यातील कामगाराचा मुलगा, शतकानुशतके ज्यांना बाजारात विकण्याचा तर सोडाच, विकत घेण्याचाही समान अधिकार नव्हता त्यांची मुले, आणि सर्व जातींतील मुली. ह्यांना उधारीचे शास्त्र कोण शिकवणार? धंदा बुडाल्यावर पुन्हा उभे राहता येते हे त्यांनी कोणाच्या घरी पाहावे? ह्या माणसांना पेढीचे शिक्षण मिळण्याचा एकच मार्ग आमच्या समाजरचनेने उघडा ठेवला, तो म्हणजे छापलेला कागद. ग्रंथ ही पेढी नसलेल्यांची पेढी आहे. आणि म्हणूनच ती खोटी असेल तर तिच्याइतका घात दुसरा कोणी करणार नाही. कारण व्यापाऱ्याच्या मुलाला खोटे पुस्तक मिळाले तर बाप ते हसून बाजूस ठेवील, ह्याच्यापाशी ते तपासून पाहणारे कोणी नाही.

मराठीत ह्या पेढीचा पाया फार पूर्वी घातला गेला. १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात लोकहितवादींची शतपत्रे येऊ लागली, त्यांत आमच्या विद्वान वर्गाच्या कारकुनीच्या हव्यासावर आणि परदेशी मालाच्या मोहावर जे कोरडे ओढले आहेत त्यांचे वळ अद्याप ओले वाटतात. त्याच लोकहितवादींनी 'लक्ष्मीज्ञान' लिहून अर्थशास्त्र मराठीत आणले. जोतीराव फुल्यांना आम्ही समाजसुधारक म्हणून हार घालतो. परंतु ते बांधकामाची कंत्राटे घेणारे, मालाचा पुरवठा करणारे, स्वतःस व्यापारी व शेतकरी म्हणवून घेणारे गृहस्थ होते, आणि 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या हाताला हिशेबाची वहीही ठाऊक होती, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातून सहसा गाळली जाते. गंमत अशी की, ज्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांवर कडाडून टीका केली, त्यांनीही सरकारी नोकरी सोडल्यावर छापखाना, चित्रशाळा आणि पुस्तकांचे दुकान ह्यांत हात घातला होता. जातीच्या प्रश्नावर एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन लेखक नोकरीच्या उंबऱ्याबाहेर मात्र शेजारी उभे असलेले दिसतात.

लेखणीने कारखानदार घडवल्याचे आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण किर्लोस्करांचे आहे, आणि ते नीट पाहण्यासारखे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे व्यापाऱ्याच्या घरचे नव्हेत. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास आले आणि भावाबरोबर सायकलींच्या दुकानात उतरले. यंत्रविद्येचे त्यांचे गुरू म्हणजे अमेरिकेतून येणारी तांत्रिक मासिके व मालाची सूचिपत्रे. त्या कागदांत यशाची स्तोत्रे नव्हती. कोणते यंत्र कसे चालते, कोणत्या भागाला किती पैसे पडतात, इतकेच होते. त्या शिदोरीवर कडबा कापण्याचे यंत्र निघाले, पाठोपाठ लोखंडी नांगर निघाला. नांगर उत्तम होता, पण घेणारा कोणी मिळेना. लोखंडाने जमिनीस विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. दोन वर्षे! आजच्या प्रेरणेच्या पुस्तकात ही दोन वर्षे एका वाक्यात उरकली जातात. वास्तविक सारा धंदा त्या दोन वर्षांतच आहे. त्या काळात भट्टी पेटती ठेवण्यास पैसा कोठून आला, मजुरी कशी भागवली, शेतकऱ्याची समजूत कोणत्या शेतावर आणि कोणत्या युक्तीने पालटली, हे कळले तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागते.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या अधिपतींनी जमीन व बिनव्याजी कर्ज दिले, आणि १९१० साली कुंडल रोडच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ह्या वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली. आरंभी ते कारखान्याचे वार्तापत्र होते; शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. नांगर विकणाऱ्यांनी वाचकही घडवले आणि त्या वाचकांना अंधश्रद्धा सोडण्यास, स्वतःच्या पायावर उभे राहण्यास सांगितले, हे आमच्या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे. कारण लोखंडाने जमीन बाटते ही समजूत आणि माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो ही समजूत एकाच भट्टीतील आहेत. एक मोडल्यावाचून धंदा चालत नाही आणि दुसरी मोडल्यावाचून समाज. शंकररावांनी लक्ष्मणरावांचे चरित्र 'यांत्रिकाची यात्रा' ह्या नावाने लिहिले आहे. नागपूरहून निघणारे 'उद्यम' मासिक तर ह्याहूनही साधे: साबण, शाई, शेती, लहानसहान कृती व त्यांची प्रमाणे देणारे. आज केंद्र सरकारने लघुउद्योगांच्या नोंदणीच्या व्यवस्थेला नेमके 'उद्यम' हेच नाव दिले आहे, आणि नोंदणी करणाऱ्या तरुणास त्या जुन्या मासिकाचे नावही ठाऊक नसावे, हा काळाचा विनोद आहे.

असा प्रकार केवळ आपल्याच देशात घडला असे नाही. सॅम्युएल स्माइल्स ह्यांचे 'सेल्फ-हेल्प' हे पुस्तक १८५९ साली इंग्लंडात निघाले आणि १८७१ च्या सुमारास ते जपानी भाषेत गेले. एका खेड्यातील सुताराचा मुलगा साकिची तोयोदा ह्याच्या हाती ते पडले. स्माइल्सच्या उपदेशात आज पुष्कळ भाबडेपणा दिसतो. पण त्याने नुसता उपदेश केला नाही. मागाची यंत्रे शोधणारे कारागीर कोण होते, त्यांची किती वर्षे गेली, किती जण कफल्लक राहिले, ही चरित्रे त्याने नावानिशी दिली. सुताराच्या मुलाने ती वाचली आणि घरी आई ज्या मागावर बसे त्याकडे नव्या डोळ्यांनी पाहिले. १८९१ साली त्याने लाकडी हातमागाचे पेटंट घेतले. पुढे त्याचा स्वयंचलित माग इतका पक्का झाला की, १९२९ साली ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स ह्या इंग्रज कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. ज्या इंग्लंडच्या मागांसाठी खानदेशचा कापूस आगगाड्या भरभरून जात असे, त्याच इंग्लंडला जपानी सुताराने माग विकला. त्याच घराण्याने मोटारी काढल्या, त्या आज भुसावळच्या रस्त्यावरही धावतात. पुस्तक एकच होते व ते हिंदुस्थानातही पुष्कळ वाचले गेले. आपल्याकडे त्याचे वाचन बहुधा परीक्षेच्या तयारीत जमा झाले. माग घरात असलेल्या माणसापर्यंत ते पोहोचले नाही.

आता खानदेशाकडे परत येऊ. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन हे कायद्याचे पदवीधर. सरकारी अधिकारपदासाठी निवड झालेली असता ती बाजूस सारून १९६३ साली सात हजार रुपयांच्या घरगुती शिलकीवर त्यांनी रॉकेल विकण्यास आरंभ केला. घराला व्यापाराची परंपरा होती हे खरे, पण ती खेड्यातील बेताची. शेती हा भविष्य असलेला व्यवसाय आहे, अशा आशयाचे एक लहानसे वाक्य वाचनात आले आणि धंद्याची दिशा शेतीच्या साधनांकडे वळली, असे त्यांच्या उद्योगाच्या इतिहासात सांगितले जाते. ते वाक्य हजारोंनी वाचले असेल. ते ह्यांच्यात रुजले ह्याचे कारण उघड आहे: वाचणारा शेतकऱ्यांत वाढलेला होता, गिऱ्हाईक ओळखत होता, आणि विक्रीचा हिशेब रोज मांडीत होता. १९७८ साली त्यांनी बंद पडलेला केळीच्या भुकटीचा कारखाना घेतला व तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढले. त्यानंतर नळ्या आल्या, ठिबक आले, आणि कोरडवाहू मुलखातील पाण्याचा हिशेब बदलला. २०१६ साली ते निवर्तले. २०१९ च्या सुमारास तीच कंपनी कर्जाच्या ओझ्याने अडचणीत आली आणि कर्जाची फेररचना करावी लागली, हेही सांगितले पाहिजे. ते सांगितल्याने जैनांचा मोठेपणा कमी होत नाही. मोठ्या धंद्यालाही श्वास लागतो, हे तरुणास कळते. भवरलालजींनी पत्नीविषयी 'ती आणि मी' हे हृद्य पुस्तक लिहिले. त्याच लेखणीने रॉकेलच्या पहिल्या वर्षाची खतावणी पानोपान छापली असती तर आम्ही ती अधिक अधाशीपणाने वाचली असती, इतके कबूल करतो.

ह्या पार्श्वभूमीवर सध्याच्या लोकप्रिय पुस्तकांची परीक्षा करावी. नेपोलियन हिल ह्यांचे 'थिंक अँड ग्रो रिच' १९३७ सालचे. अँड्र्यू कार्नेगीने आपणास श्रीमंतीचे रहस्य शोधण्याची कामगिरी दिली, ह्या कथेवर त्याची इमारत उभी आहे, आणि हिल ह्यांच्या स्वतःच्या सांगण्यापलीकडे त्या भेटीचा पुरावा पुढे आलेला नाही. रॉबर्ट कियोसाकी ह्यांचे 'रिच डॅड पुअर डॅड' खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. मालमत्ता आणि देणे ह्यांतला भेद त्याने सोप्या भाषेत सांगितला, हे श्रेय त्यास द्यावे. परंतु पगारी बाप म्हणजे गरीब बाप, हा त्याचा सूर वरणगावसारख्या गावी क्रूर वाटतो. ज्या बापाने तीस वर्षे पाळ्या करून मुलाला पुस्तक विकत घेण्याजोगे केले, त्याच्याकडे मुलाने तुच्छतेने पाहावे, हे कसले अर्थशास्त्र? ह्याच लेखकाच्या एका कंपनीने २०१२ साली अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, ही गोष्ट मुखपृष्ठावर छापलेली नसते.

ह्याहून गंभीर बाब पुढेच आहे. ही पुस्तके पुष्कळदा एकटी येत नाहीत. शहरातील एखाद्या सभागृहात टाय बांधलेला गृहस्थ ती हातात घेऊन बोलतो, टाळ्या होतात, आणि शेवटी कळते की धंदा म्हणजे वस्तू विकणे नसून साखळीत माणसे आणणे आहे. आधी भाऊ, मग मेहुणा, मग शेजारी. बक्षिसी चिट्ठ्या व पैशाच्या फिरत्या योजना ह्यांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी मनोऱ्याच्या धर्तीवरील योजना निषिद्ध ठरवल्या आहेत. पण हे नियम कोणत्याही प्रेरणेच्या पुस्तकात दिलेले आमच्या पाहण्यात नाहीत. ज्याच्या घरी पेढी आहे तो अशा सभेत पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, माल काय आणि नफा कशावर? ज्याच्या घरी पेढी नाही तो बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे भरून येतो.

मग वाचावे काय? मराठीत आजही सकस वाचन आहे. गिरीश कुबेर ह्यांच्या 'टाटायन'मध्ये टाटा घराण्याचा इतिहास आहे. १८७७ साली नागपुरात कापूस पिकतो तेथेच गिरणी काढण्याचा जमशेटजींचा निर्णय वरणगावच्या तरुणाने विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण मुंबई आणि ती गिरणी ह्यांना जोडणारी लोहवाट त्याच्याच गावावरून जाते. विठ्ठल कामत ह्यांच्या 'इडली, ऑर्किड आणि मी' ह्या पुस्तकात कर्जाच्या दडपणाखाली लेखक खचून गेल्याचा काळ लपवलेला नाही. आमच्या यादीत आणखी एक पुस्तक आहे, त्याने वाचकास हसू येईल: कमलाबाई ओगले ह्यांचे 'रुचिरा'. १९७० सालचे हे पाककृतींचे पुस्तक धंद्याविषयी अवाक्षर काढीत नाही. परंतु अंदाजाने घालावे म्हणणाऱ्या परंपरेत त्याने वाटी आणि चमचा ह्यांचे माप आणले. माप आले की पदार्थाचा खर्च काढता येतो, खर्च निघाला की किंमत ठरते, आणि घरच्या पापडाचा व्यवसाय होतो. बचतगटातील बाईस श्रीमंतीच्या विचारांची फारशी गरज नसते. तिला माप हवे असते, अन्नपदार्थांच्या परवान्याची माहिती हवी असते, आणि बँकेतील साहेबासमोर न दबकता बोलता येईल इतका हिशेब हवा असतो. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणावाचून कर्ज मिळते आणि पहिली पायरी पन्नास हजारांपर्यंतची आहे, हे तिला घोषणेतून ठाऊक असते. त्या पन्नास हजारांचा हप्ता पापडाच्या कोणत्या महिन्यात निघतो आणि कोणत्या महिन्यात निघत नाही, हे सांगणारे पान कोणी लिहिलेले नाही.

डॉ. आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतांच्या प्रश्नावर निबंध लिहिला, त्यात जमिनीवरील माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळवणे हाच खरा उपाय असल्याचे प्रतिपादन केले. खानदेशातील बांधावर उभे राहून आज पाहिले तरी त्या निदानात काही बदलण्याजोगे दिसत नाही. तुकडे मात्र अधिक लहान झाले आहेत. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे ह्यांनी दलित उद्योजकांची स्वतंत्र व्यापारी संस्था स्थापन केली, आणि अशा उद्योजकांच्या कथा 'डिफाइंग द ऑड्स' ह्या २०१४ सालच्या इंग्रजी ग्रंथात आल्या. ज्यांच्यासाठी हा ग्रंथ सर्वांत मोलाचा, त्यांच्या तालुक्याच्या वाचनालयात तो मराठीत असला पाहिजे.

वरणगावच्या वाचनालयाच्या चालकांना आमची एक विनंती आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण केळीचा एक घड बागेतून निघून दिल्लीच्या गाडीवर चढेपर्यंत त्यावर कोणाकोणाचा किती पैसा चढतो, हे सांगणारी साठ पानांची मराठी पुस्तिका हवी. वेफर तळणाऱ्याला कच्च्या केळीचा उतारा किती पडतो, तेलाचा डबा किती दिवस पुरतो, पावसाळ्यात माल का मऊ पडतो आणि दुकानदार उधारी किती दिवसांनी फेडतो, हे लिहिणारा माणूस बाहेरगावाहून आणावा लागणार नाही. तो गावातच आहे. बाजाराच्या दिवशी त्याला फुरसत नसते इतकेच. गावातील किराणा, अडत, पीठगिरणी, वेल्डिंग आणि शिवणयंत्र ह्या धंद्यांत वीस वर्षे काढलेल्या माणसांना महिन्यातून एक संध्याकाळ वाचनालयात बोलवावे, आणि त्यांना एकच प्रश्न विचारावा: तुमचा पैसा कोठे बुडाला? शाळेतील एखाद्या चांगल्या अक्षराच्या मुलीने ते उतरून घ्यावे. सांगणाऱ्याचे नाव छापण्याची गरज नाही. आकडे मात्र खरे असावेत. अशा बारा संध्याकाळी झाल्या की पहिले पुस्तक तयार होईल. त्याच्या छपाईचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न गावातील सुखवस्तू पेढीवाल्यांपुढे आम्ही आजच ठेवीत आहोत.